चिमणाळं

बाळासाठी वेगळी खोली आमच्याकडे कधी नव्हतीच. लालबागच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली आणि त्यात सात माणसं. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्याच सप्टेंबरात धाकटा भाऊ जन्मला. बाबा आठ महिने घरी बसलेले, आईच्या पाटल्या गहाण. पाळण्याचा विषय कुणी काढलाच नाही. आजीनं आपलं जुनं नऊवारी तुळईला बांधून झोळी केली, तोंड मिटू नये म्हणून तिच्यात आडवी काठी घातली आणि मला म्हणाली, "चल, आता चिमणाळं करू."

मी सात वर्षांची. जाळी फाटलेल्या चाळणीचं कडं तिनं जपून ठेवलं होतं, त्याला लाल चिंधी गुंडाळली. मग तळहाताएवढा चौकोनी तुकडा घ्यायचा, तिरकी घडी घालायची, कडेनं धावदोरा, आत उशीतला कापूस, चोचीला पिवळ्या दोऱ्याचे चार टाके. डोळे गाठीचे. मणी सुटून पोराच्या तोंडात जायचा, म्हणून मणी नाहीत. अशा पाच चिमण्या झाल्या. एक तिच्या इरकली लुगड्याची, एक आईच्या विरलेल्या शालूची, एक माझ्या शाळेच्या निळ्या फ्रॉकची, एक बाबांच्या गिरणीत जायच्या खाकी पँटची. पाचवी मोडक्या छत्रीच्या काळ्या कापडाची, दृष्ट लागू नये म्हणून.

टांगताना तिनं पट्टी घेतली नाही. बाळाच्या नाकापासून वर वीत धरली आणि तिथं दोरीला गाठ मारली. पुढं तो हात मारायला लागला, तशी दोरीही वर गेली.

बाबा गिरणीत परत गेले नाहीत. ती गिरणीच पुन्हा नीट उभी राहिली नाही.

२००४ साली डोंबिवलीत माझी मुलगी झाली, तेव्हा आई ते चिमणाळं पिशवीतून घेऊन आली. शालूची चिमणी कसरीनं खाल्ली होती. तिच्या जागी मी माझ्या डोहाळजेवणाच्या हिरव्या ब्लाउजचं उरलेलं कापड लावलं. त्याच सुमारास डॉक्टरीणबाई सांगत होत्या, नव्या बाळाला वीस-तीस सेंटिमीटरवरचंच नीट दिसतं, आणि गडद-फिका फरक आधी कळतो. मी तिथंच टेबलावर बोटं ताणून पाहिली. वीत साधारण तेवीस सेंटिमीटरची. मुलगी खरंच काळ्या चिमणीकडे टक लावून बघायची. बाबा मात्र नातीला जोजवताना खाकी चिमणी बोटानं हळूच फिरवत राहायचे, ती झोपून गेल्यावरसुद्धा.

गेल्या वर्षी भावाकडे मुलगी आली. पनवेलचं घर, पगारातला मोठा वाटा हप्त्यात जातो. वहिनीनं खोली सजवायची यादी केली होती आणि नुसत्या वॉलपेपरचेच अठरा हजार होत होते. तिची हौस मला कळत होती. पहिल्या लेकरासाठी काय करू आणि काय नको, असं होतंच. शेवटी दोघांनी एका रविवारी एक भिंत स्वतःच पांढरी रंगवली आणि पाळण्यावर टांगायला चिमणाळं मागून घेतलं.

भावानं बाळाच्या नाकापासून वीत धरली आणि दोरी बांधायला घेतली.

"तुझा पंजा मोठा आहे रे," मी म्हटलं. "आजीची वीत लहान होती."

"किती, ताई?"

मी माझी बोटं ताणून दाखवली. त्यानं दोरी दोन बोटं खाली घेतली. बाळानं मान वळवली आणि काळ्या चिमणीवर नजर लावली.