यादीप्रमाणे बरोबर

दिवाळीच्या फराळाच्या डब्यात आतल्या जिनसांची यादी घालून तो डबा लोकांकडे पाठवणारे घर तुम्ही कधी पाहिले आहे काय? आमचे घर तसे होते. सगळ्यांच्याच डब्यांत यादी जाई असे नव्हे. शेजारच्या काकूंकडे जायचे ते ताट वर विणलेला रुमाल टाकून जायचे आणि त्यात काय किती आहे याचा हिशेब आईपाशीही नसायचा. पण धनत्रयोदशीच्या संध्याकाळी अण्णा स्वतः जो एक पितळी डबा घेऊन काळाचौकीला जात, त्याच्या झाकणाखाली मात्र एक फुलस्केप कागद घडी करून ठेवलेला असे. 'करंज्या 21. चकल्या 25. बेसनाचे लाडू 11. अनारसे 9, नाजूक माल. चिवडा व शंकरपाळे, सुटा माल, वजन अंदाजे अर्धा किलो प्रत्येकी.' खाली अण्णांची सही, आणि सहीच्या डोक्यावर एक वाक्य : 'वरील तपशील खरा आहे.'

सात-आठ वर्षांचा झाल्यापासून अण्णा मला बरोबर नेऊ लागले. ज्यांच्याकडे आम्ही जात असू त्यांना आम्ही मुले गोदीमामा म्हणत असू. गोदीमामांच्या खोलीत आम्ही टेकलो न टेकलो तोच ते जमिनीवर वर्तमानपत्र पसरायचे, चष्मा चढवायचे आणि डबा उघडून एकेक जिन्नस बाहेर काढून मोजू लागायचे. हो, आमच्या देखत! चार उभ्या रेघा, पाचवी त्यांवर तिरकी. पुन्हा चार उभ्या, पाचवी तिरकी. मोजणी संपली की लाल पेन्सिलीने यादीखाली 'यादीप्रमाणे बरोबर' असे लिहून सही ठोकायचे. मग कुठे मामी चहा आणायच्या. पाहुण्यांनी आणलेला फराळ पाहुण्यांसमोर मोजणारा हा माणूस मला विलक्षण असंस्कृत वाटे. आणि अण्णा! ते मोजणी संपेपर्यंत मांडीवर हात ठेवून, निकाल ऐकायला आलेल्या मुलासारखे बसून राहात.

"फराळ काय मोजून घ्यायचा असतो?" आई दर वर्षी म्हणायची.

"ज्याला मोजायचा अधिकार आहे, त्यानं मोजावा," एवढेच अण्णा म्हणत.

अण्णा बॅलार्ड इस्टेटमधल्या एका शिपिंग एजंटाच्या कचेरीत मॅनिफेस्ट क्लार्क होते. मॅनिफेस्ट म्हणजे जहाजावरच्या मालाची यादी. पण यादी म्हटल्यावर वाण्याची यादी डोळ्यांपुढे येते, तसा हा प्रकार नाही. बिल ऑफ लेडिंगचा नंबर, पोत्यांवरच्या किंवा खोक्यांवरच्या खुणा, नग किती, कशा प्रकारचे, आत काय, वजन किती, माल कोणाच्या नावाचा, असे रकाने. जो माल इथे उतरायचाच नाही, पुढच्या बंदरी जायचा आहे, तोही त्यात दाखवायचा. अण्णांच्या काळी परदेशाहून आलेले कागद समोर ठेवून हे सारे इथल्या कचेरीत पुन्हा टंकलिखित होई, कार्बनच्या अनेक प्रती काढून. आणि जहाज आल्यापासून चोवीस तासांच्या आत कस्टम हाउसमध्ये दाखल व्हावे लागे. टाइपरायटरच्या शेवटच्या प्रतीवर आकडा उमटावा म्हणून अण्णा कळ इतक्या जोराने दाबत, की निवृत्त झाल्यावरही त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे पुढे वाकलेलीच राहिली होती.

या यादीचा दरारा मोठा. 1878 च्या सागरी जकातीच्या कायद्यात तो होता, आणि त्याची जागा घेणाऱ्या 1962 च्या कस्टम्स कायद्यातही आहे. कलम 30 सांगते की यादी द्या आणि तिच्या पायाशी ती खरी असल्याचे लिहून सही करा. कलम 31 सांगते की यादी दिल्याखेरीज साधारणपणे जहाजातून माल उतरवायला परवानगी मिळायची नाही. यादीत दाखवायला हवा तो जकातपात्र किंवा मनाईचा माल दाखवलाच नाही, तर कलम 111 प्रमाणे तो जप्तीला पात्र होतो. आणि यादीत आहे पण उतरलाच नाही, किंवा कमी उतरला, तर येते कलम 116! कमी पडलेल्या मालाचा समाधानकारक खुलासा झाला नाही, तर त्या मालावर जेवढी जकात बसली असती तिच्या दुपटीपर्यंत दंड. कायद्याच्या लेखी दंडाचा धनी जहाजाचा कप्तान. पण कप्तान तोवर सातासमुद्रांपलीकडे गेलेला असतो, म्हणून नोटीस येते ती इथल्या एजंटाकडे. सकृद्दर्शनी हे फार विचित्र वाटते. जो माल आलाच नाही त्याच्यावर कसली जकात? पण जकात घेणाऱ्याच्या जागी बसून पाहा. कमी पडलेली पोती मुळात चढलीच नव्हती, की वाटेत काळोखात एखाद्या मचव्यात उतरली, हे त्याला कसे समजावे? तेव्हा तो म्हणतो, सिद्ध करा.

आमच्या किनाऱ्याला हे नवीनही नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी अरबी समुद्रात 'कार्ताझ' नावाचे परवाने सुरू केले. जहाज कोणते, नाखवा कोण, जाणार कुठे, हे त्यावर लिहिलेले असे. परवाना नसला, किंवा मिरीसारखा मनाईचा माल पोटात सापडला, की जहाज मालासकट जप्त. समुद्र कोणाचा, हे विचारायची सोय नव्हती. त्या मानाने आपला 1962 चा कायदा पुष्कळच मवाळ म्हणायचा. त्यात कलम 30 चे तिसरे पोटकलम आहे. यादी चुकीची किंवा अपुरी आहे, पण त्यामागे फसवणुकीचा हेतू नव्हता, अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर तो ती दुरुस्त करू देऊ शकतो. हे पोटकलम अण्णांना तोंडपाठ होते. रामरक्षेइतके. का, ते मला फार उशिरा कळले.

ते निवृत्त झाले त्या वर्षीच्या लक्ष्मीपूजनाच्या दुपारी मी त्यांना सरळच विचारले, "त्या डब्यात यादी का घालता?" अण्णा थोडा वेळ खिडकीतून बाहेर पाहात राहिले आणि मग त्यांनी सांगितले.

साल 1982. 18 जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला होता आणि पावसाळा आला तरी मिटायचे नाव नव्हते. लालबागच्या आमच्या दोन खोल्यांत गिरणीतला एक काका बायकामुलांसह घरी बसलेला. मिळवते एकटे अण्णा, आणि तेही अजून नोकरीत कायम झालेले नव्हते. मी वर्षाचा होतो. तापाने फणफणलो होतो आणि तीन रात्री मी घरात कोणाला डोळा लागू दिला नव्हता, असे म्हणतात. चौथ्या दिवशी अण्णांनी एका जहाजाचे मॅनिफेस्ट टाइप केले. त्यात प्लॅस्टिकच्या पुडीची पोती होती, दर पोते पंचवीस किलोंचे. नग 5,200.

गोदीत क्रेनच्या झोळ्यांतून पोती उतरली. जहाजाच्या कठड्यापाशी उभे राहून ती मोजत होते गोदीमामा, माल उतरवणाऱ्या ठेकेदाराचे टॅली क्लार्क. मोजणी भरली 5,020. एकशेऐंशी पोती कमी! साडेचार टन माल. मामांनी पुन्हा मोजले, शेडमध्ये थप्प्या लावून तिसऱ्यांदा मोजले. 5,020. एवढा माल फाटकाबाहेर कुणाच्या संगनमताने गेला, असे त्यांना विचारण्यात आले, आणि चौकशी होईपर्यंत घरी बसवण्यात आले.

बातमी संध्याकाळी कचेरीत पोचली. अण्णांनी 180 ला 9 ने भागले.

हे जरा समजावून सांगायला हवे. दोन आकड्यांची अदलाबदल झाली की खऱ्या आणि खोट्या संख्येतल्या फरकाला नेहमी 9 ने निःशेष भाग जातो. 63 चे 36 लिहा, फरक 27. 5,020 चे 5,200 लिहा, फरक 180. जुने हिशेबनीस जमाखर्च जुळेना की आधी ही परीक्षा करीत. मी वर्गात मुलांना अजून ही गंमत दाखवतो आणि मुले खूश होतात. अण्णा खूश झाले नसावेत. त्यांनी फाइल काढली. बिल ऑफ लेडिंगवर स्वच्छ छापले होते : 5,020. त्यांनी फाइल पुन्हा कपाटात ठेवली आणि ते घरी आले.

आयात करणाऱ्याचे कागद बँकेत अडकले होते. ते येईपर्यंत तो बिल ऑफ लेडिंग दुसरे कोणी उघडून पाहणार नव्हते. एक दिवस गेला, दोन गेले. कायम होण्याचा अर्ज साहेबांच्या टेबलावर होता. चार दिवस गेले.

"आणि मामा?" मी विचारले.

"तो घरी बोलला नव्हता," अण्णा म्हणाले. "रोज सकाळी डबा घेऊन निघायचा आणि गोदीच्या भिंतीला टेकून बसायचा. मला कुणीतरी लांबून दाखवला. मग मी दुसऱ्या रस्त्यानं जायला लागलो. आठव्या दिवशी पाऊस फार होता, रस्ता तुंबला होता, म्हणून नेहमीच्याच रस्त्यानं जावं लागलं. छत्री खांद्यावर धरून तो डबा खात होता. भिजू नये म्हणून घाईघाईनं."

नवव्या दिवशी अण्णांनी साहेबांना सांगितले, शिव्या खाल्ल्या, आणि दुरुस्तीचा अर्ज घेऊन ते कस्टम हाउसमध्ये गेले. अधिकाऱ्याने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले आणि कायद्यातला प्रश्न विचारला, "यामागं हेतू काय होता?"

"हेतू नव्हता साहेब. झोप होती. मूल आजारी होतं."

अधिकारी हसला. दहा मिनिटांत दुरुस्ती मंजूर झाली. दंड नाही, नोटीस नाही. अण्णांची कायम होण्याची ऑर्डर मात्र दीड वर्ष लांबली, पण ते त्याबद्दल कधी कुरकुरले नाहीत. त्यांना लागले होते ते वेगळेच. "त्यानं विचारलं ते पहिल्या दिवसाबद्दल," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी माझा हेतू खरंच नव्हता. पुढच्या आठ दिवसांचं त्यानं विचारलंच नाही. ते कुठल्या कलमात बसतं, मी पुष्कळ शोधलं."

मामा कामावर परत गेले. आठ दिवसांचा पगार बुडाला तो बुडालाच. त्या वर्षी दिवाळीत अण्णा फराळाचा डबा घेऊन पत्ता शोधत त्यांच्या खोलीवर गेले आणि उंबऱ्याबाहेर उभे राहून त्यांनी सगळे सांगितले, आठ दिवसांचेसुद्धा. मामांनी ऐकून घेतले. आत या म्हणाले नाहीत, जा असेही म्हणाले नाहीत. बऱ्याच वेळाने त्यांनी डब्याकडे बोट दाखवून विचारले, "यादी कुठाय?"

"कसली यादी?"

"मॅनिफेस्टशिवाय माल उतरत नाही, साहेब. तुम्हीच सांगता ना?"

अण्णांनी खिशातल्या बसच्या तिकिटांच्या पाठीवर, दाराच्या चौकटीचा आधार घेऊन यादी लिहिली. मामांनी डबा तिथेच उघडला, मोजला. मग ते आत वळले आणि म्हणाले, "बरोबर आहे. या."

थट्टा होती की टोमणा होता, अण्णांनाही शेवटपर्यंत उमगले नाही. मला वाटते, पहिल्या वर्षी टोमणा असावा. पुढे केव्हातरी त्याची थट्टा झाली, आणि मग रिवाज.

आता ते टाइपरायटर गेले आणि त्या झोळ्याही गेल्या. 1989 साली न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले, आणि हळूहळू पोती-खोकी मोजण्याचे काम उरलेच नाही. माल मोहोरबंद कंटेनरमध्ये येतो आणि कागदावर लिहिलेले असते 'सेड टू कंटेन'. मामांना याचे फार हसू येई. "म्हणे आत अमुक आहे! बघितलंय कुणी?" यादी हल्ली जहाज पोचण्याआधीच संगणकावरून द्यावी लागते, 2018 साली त्यासाठी नवे नियम आले, आणि उशीर झाला तर पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. यंत्र रकाना रिकामा सोडू देत नाही. चुकीचा भरू देते. जानेवारी 2007 मध्ये 'एम.एस.सी. नापोली' हे जहाज इंग्लिश खाडीत वादळात मोडले. मुख्य दोष त्याच्या बांधणीतच निघाला. पण त्याच्या डेकवरचे कोरडे राहिलेले 660 कंटेनर चौकशीत वजन करून पाहिले, तेव्हा 137 कंटेनरांचे वजन कागदापेक्षा तीन टनांहून अधिक फरकाने निराळे निघाले. पाचातला एक! पुढे 1 जुलै 2016 पासून, वजन करून पाहिल्याखेरीज कंटेनर जहाजावर चढवायचा नाही, असा आंतरराष्ट्रीय नियम झाला. ही बातमी मी वाचून दाखवली तेव्हा मामा एवढेच म्हणाले, "मग इतकी वर्षं काय करत होते?"

अण्णा 2019 साली गेले. मामा आता कोकणात मुलाकडे असतात. पंचाऐंशीच्या पुढे आहेत, दिसते कमी. डबा मी गावी जाणाऱ्या भाच्याबरोबर पाठवतो. यादी मीच करतो, अण्णांच्याच रकान्यांत. गेल्या दिवाळीत भाऊबीज झाल्यावर रिकामा डबा परत आला. आत यादी होती. चार उभ्या रेघा, पाचवी तिरकी; हात कापल्यामुळे रेघा जरा नागमोडी. खाली लाल पेन्सिलीने : 'करंज्या 20. एक कमी. बाकी बरोबर.'

मी बायकोला विचारले. तिने एकवीस भरल्या होत्या, देवाशपथ. भाच्याला फोन केला. त्याने डब्याचे झाकणसुद्धा उघडले नव्हते. धाकटी दाराआडून हे सगळे ऐकत उभी होती. तिच्याकडे मी नुसते पाहिले आणि ती म्हणाली, "बाबा, ती मोडकी होती."

कोरा कागद घेऊन मी लिहिले : 'ती. मामांस सा. न. आपली मोजणी बरोबर आहे. करंज्या 20 वाचाव्यात. चूक आमच्याकडची.' खाली मी सही केली, तिच्याकडून करवून घेतली. संध्याकाळची टपाल निघायला अर्धा तास होता. आम्ही दोघे चपला घालून निघालो.