शिरोलीचा वारा आणि आपला पदर

कोल्हापूरहून पुण्याच्या दिशेने निघाले, की पंचगंगेचा पूल ओलांडताच शिरोली लागते. या पुलावरूनच गावाला पुलाची शिरोली म्हणतात. तालुका हातकणंगले. महामार्गाला लागून औद्योगिक वसाहत आहे. लोखंड वितळवून साच्यात ओतणाऱ्या फौंड्र्या, लेथ चालवणारी लहानमोठी वर्कशॉप आणि मालट्रकांची रीघ. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात इथेच महामार्गावर पाणी चढून वाहतूक थांबली होती.

पूर कधीतरी येतो, वारा मात्र दर पावसाळ्यात ठरलेला. आषाढात घाट ओलांडून पश्चिमेचा वारा येतो आणि नदीकाठच्या मोकळ्या रानात त्याला अडवणारे काही नसते. त्यात शेजारून मोठा ट्रक गेला की वेगळाच झोत बसतो. सकाळच्या पाळीला निघालेल्या आपल्या भगिनींकडे पाहावे. एका हातात डबा, दुसऱ्या हातात छत्री, आणि निऱ्या धरायला तिसरा हात नाही!

वाऱ्याशी असा सामना फक्त बायकांनाच करावा लागतो असे नाही. स्कॉटलंडचे पुरुष किल्ट नावाचे गुडघ्यापर्यंतचे चुण्यांचे वस्त्र नेसतात. तो देश थंड आणि वादळी. पूर्ण किल्टला सुमारे आठ वार कापड लागते, म्हणजे आपल्या नऊवारीपेक्षा वारभरच कमी. त्यांची युक्ती साधी आहे. कापड जाड लोकरीचे, म्हणून जड. चुण्या मागे आणि पुढचा भाग सपाट. पुढे कमरेला चामड्याची पिशवी लटकते, तिचे वजन कापड दाबून धरते. वरच्या पदराच्या खालच्या कोपऱ्याला एक जड पिन लावतात. ती फक्त वरच्याच थरात लावायची, दोन्ही थर टाचले तर चालताना कापड ओढून फाटते. बसताना मागच्या चुण्या हाताने सारख्या करून मगच बसायचे.

आपल्या आज्यांची युक्ती याहून पक्की होती. नऊवारीचा कासोटा पायांमधून मागे खोचला, की वारा शिरायला जागाच उरत नाही. म्हणून भांगलण असो की रोप लावण, त्या दिवसभर निर्धास्त वाकत.

पण नेसण्यात जातही लपलेली होती, हे आपण विसरू नये. आपल्या बायकांनी लुगडे आखूड, वर ओढूनच नेसावे अशी रीत होती, आणि पाहताक्षणी जात ओळखू यावी हा तिचा अर्थ होता. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना ही खूण पुसून टाकायला सांगितले. लुगडे घोट्यापर्यंत नेसा, गळ्या-हातातले ते जड दागिने टाका, असा तो उपदेश होता. स्त्रियांनी तो लगेच अंमलात आणला. घोट्यापर्यंतची साडी आपल्या घरात आली ती अशी, मान घेऊन.

आता तीच साडी वाऱ्यात कशी सांभाळावी? खाली सुती फॉल लावावा, त्याच्या वजनाने काठ उडत नाही. परकर सुती असावा, गुळगुळीत कापडावर साडी घसरते. निऱ्या आतून पिनेने धराव्यात. पदर खांद्याला टाचून, पुढे घेऊन कमरेला खोचावा.

मोटारसायकलवर जास्त काळजी हवी. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे संरक्षण असावे, असे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत सांगितले आहे. ती जाळी काढून टाकू नये. पदर आणि ओढणी मांडीवर गोळा करून घट्ट धरावी.

कारखान्याच्या दारात मात्र साडीची युक्ती संपते. फिरत्या लेथला पिन समजत नाही. भट्टीजवळ नायलॉनचे कापड वितळून कातडीला चिकटते, तिथे सुतीच हवे. १९४८ च्या कारखाने कायद्यात, चालत्या यंत्राची तपासणी करणाऱ्या कामगाराचे कपडे अंगासरशी असावेत आणि ते मालकाने द्यावेत, असे कलम २२ मध्ये होते. पण ते पुरुष कामगारापुरते. बाईला चालते यंत्र पुसायची मनाई होती, तिच्या कपड्यांचा विचार त्या कलमात नव्हता. म्हणून भगिनींनी एकत्र येऊन वरून घालायचा सुती कोट मागितला पाहिजे.

आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना आमची विनंती आहे. सून कामावर पंजाबी ड्रेस घालून निघाली, तर उंबऱ्यात अडवू नका. महाडला आपल्या बायकांनी नेसण्याची रीत एका दिवसात बदलली, ती मानासाठी. आज कोणी जीव सांभाळण्यासाठी बदलत असेल, तर तोही मानच आहे. काय घालायचे ते तिला ठरवू द्या. संध्याकाळी ती धडधाकट घरी यावी, एवढेच आपण पाहायचे.