म्हातारपणी बदली

मांजर आपली पिल्लं सात घरं फिरवतं, असं आपल्याकडे म्हणतात. पण तेरा वर्षं एकाच घरात काढलेल्या मांजरीला दुसरं घर दाखवायची पाळी माणसावर आली तर काय करायचं, हे कुठल्याच म्हणीत नाही.

आई गेल्यावर फोंड्याचं भाड्याचं घर सोडावं लागलं. भांडी वाटली, पुस्तकं वाटली, उरली ती तिची ठकी. आमच्या सौ.ला दमा, त्यामुळे आमच्या फ्लॅटचा प्रश्नच नव्हता. हुबळीला केशवापुरात माझी मावशी राहते. ती फोनवर एवढंच म्हणाली, "घेऊन ये रे तिला. अक्काची आहे ती." अडचण एकच, मावशीकडे राजा नावाचा चार वर्षांचा दांडगा बोका.

आम्हां सरकारी नोकरांची बदलीसुद्धा निवृत्ती जवळ आली की सहसा टाळतात. आणि मांजरांच्या खात्यात ज्येष्ठता वगैरे कोणी मानत नाही. लंडनला पंतप्रधानांच्या घरी २०११ साली लॅरी नावाचा बोका उंदीर मारायच्या पदावर रुजू झाला. २०१६ साली जवळच्याच परराष्ट्र खात्यात पामरस्टन आला. दोघेही बॅटरसीच्या एकाच आश्रयगृहातले. तरी भर रस्त्यात त्यांच्या मारामाऱ्या झाल्या आणि त्यांचे फोटो वर्तमानपत्रांत आले. २०२० साली पामरस्टन निवृत्त होऊन खेडेगावात गेला, तेव्हा कुठे शांतता झाली!

निघण्यापूर्वी ठकीची तपासणी आणि लस उरकली. गुरांच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं, की मांजर घर ओळखतं ते वासाने. त्याच्या गालांपाशी ग्रंथी असतात. दाराच्या चौकटीला, आपल्या पायांना ते गाल घासतं, ते 'हे माझं' अशी सही करण्यासाठी. नव्या घरात प्रत्येक चौकटीवर दुसऱ्याची सही. म्हणून आधी वासाची ओळख, तोंडाची मागाहून. तिची एखादी जुनी वस्तू न धुता बरोबर न्या, म्हणाले.

ती वस्तू म्हणजे आईच्या जुन्या लुगड्यांची गोधडी. अनमोडचा घाट चढून, रामनगर, अळणावर, धारवाड करत आम्ही केशवापुरात पोचलो, तोवर ठकी टोपलीत त्या गोधडीखाली ओरडून ओरडून गप्प झाली होती. तिला मागच्या खोलीत ठेवून दार लावलं. वाळूचं घमेलं बुटक्या काठाचं घेतलं, कारण म्हाताऱ्या सांध्यांना उंच काठ चढवत नाही. पाणी दोन ठिकाणी, कारण वय झालं की मांजरांचे मूत्रपिंड थकतात. बंद दाराच्या एका बाजूला राजाची ताटली, दुसऱ्या बाजूला हिची. दुसऱ्याचा वास आला की खायला मिळतं, एवढं डोक्यात बसलं की अर्धं काम होतं.

मावशी गोधडीला कौदी म्हणते, तिकडचा शब्द. स्वच्छतेचं तिला वेड. पहिल्याच सकाळी ती बादली घेऊन आली. मी डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. "मांजराचे कसले लाड!" असं पुटपुटत तिने गोधडी उचलली, घडी करताना नाकाजवळ नेली आणि तशीच उभी राहिली. मग खाली बसून ती ठकीखाली नीट पसरून दिली. बादली रिकामीच परत गेली. आजारपणामुळे दोन वर्षं तिला गोव्याला येता आलं नव्हतं. बहिणीचं शेवटचं दर्शनही घडलं नव्हतं.

मी रजा संपवून परतलो. पुढचं फोनवरून कळत गेलं. आठवड्याने दोघांची फडकी बदलली. राजाने ठकीचं फडकं हुंगून त्यावर फिस्कारलं, पण तिसऱ्या दिवशी त्यावरच झोपला. मग दार चार बोटं उघडलं. पंधराव्या दिवशी राजा आत घुसला, ठकीने त्याला एक चपराक दिली आणि पुन्हा डोळे मिटले. तेव्हापासून तो तिच्या वाटेतून बाजूला होतो.

त्यांची मैत्री झालेली नाही. म्हाताऱ्या मांजराकडून ती अपेक्षाही धरू नये. एका छपराखाली न भांडता राहिली तरी पुष्कळ. बांगडा कारवारहून बर्फातून येतो, तो ठकीला पसंत नाही, पण खाते. तिकडची थंडी गोव्यापेक्षा कडक, म्हणून रात्री मावशी तिला खोलीत घेते. गोधडी अजून धुतलेली नाही. शेजारणी नाक मुरडतात, असं मावशीच सांगते.