जुन्या चौकटी, नवे बिऱ्हाड

रॉटरडॅमला जाऊन आले म्हटले, की ऐकणारा हमखास ट्युलिपच्या फुलांची आणि पवनचक्क्यांची चौकशी करतो. मी त्या शहरात पाच दिवस होते, आणि त्यांतला सर्वांत चांगला दिवस एका बंद पडलेल्या पोहण्याच्या तलावात घालवला, असे सांगितले म्हणजे बिचाऱ्याचा चेहरा पडतो. पण गोष्ट खरी आहे. २०१९च्या मे महिन्यातली.

माझी भाची तेव्हा तिथे नोकरीला होती. चार मित्रांनी मिळून काढलेला उद्योग. अशांना हल्ली आपल्याकडेही स्टार्टअप म्हणतात. "आत्या, उद्या माझं ऑफिस बघायला चल," ती म्हणाली. आता ऑफिसात बघायचे काय असते? आमच्या कॉलेजच्या कचेरीतली तीच तीन कपाटे मी वीस वर्षे बघते आहे. तरी निघाले. मन तसेही थाऱ्यावर नव्हते. आदल्या रात्री वाईहून दादाचा फोन आला होता. कृष्णाकाठचा आमचा वाडा बिल्डरला द्यायचे ठरले होते. मी परतले की सही करायची, एवढेच बाकी होते.

मास नदीच्या काठाने आम्ही चालत गेलो. नदी रुंद, करड्या पाण्याची. तिच्यावर तांबडा विलेम्स पूल आणि खालून मालाच्या लांबलचक बोटी. १४ मे १९४० रोजी जर्मन विमानांनी या शहराचा मध्यभाग भाजून काढला. त्यामुळे जुने म्हणून जपावे असे तिथे थोडेच उरले आहे, आणि नव्याची हौस मात्र दांडगी.

काठावरच काचेचा भलामोठा घुमट होता. हे 'ट्रॉपिकाना'. १९८८ साली उघडलेला जलविहार! बाहेर हॉलंडची थंडी, आत ऊबदार पाणी, ताडामाडांची झाडे आणि घसरगुंड्या. २०१० साली तो बंद पडला. घसरगुंडीच्या जाड नळ्या मात्र अजून तशाच वळसे घेत उभ्या होत्या, कोरड्या ठणठणीत. २०१३मध्ये दोघांनी इथल्या तळघरात धिंगरी अळिंबी लावायला सुरुवात केली. खत म्हणाल तर उपाहारगृहांतून गोळा केलेला कॉफीचा चोथा. २०१५मध्ये इमारत विकत घेतली गेली आणि तिचे 'ब्लूसिटी' झाले. एकाचा कचरा तो दुसऱ्याचा कच्चा माल, अशा रीतीने धंदा करू पाहणाऱ्यांची ती वसाहत. एके ठिकाणी बाजारातून टाकून दिलेल्या आंब्यांचा लगदा शिजवून, पसरून, वाळवून त्याचे चामड्यासारखे तुकडे करत होते.

"अगं, ही तर आंबापोळी!" मी म्हणाले.

"खाऊ नकोस म्हणजे झालं. याच्या पिशव्या होतात."

तिचे ऑफिस जुन्या डिस्कोच्या जागेत होते. तिथल्याच 'सुपरयूज स्टुडिओज' नावाच्या वास्तुकारांनी त्या नाचघराचे आतले काम नव्याने केले, आणि त्यासाठी वापरलेल्या सामानापैकी सुमारे ९० टक्के सामान जुने, दुसऱ्या इमारतींतून निघालेले. खोल्याखोल्यांमधल्या भिंती म्हणजे चक्क खिडक्यांच्या लाकडी चौकटी! एक उंच, एक बुटकी, एक पिवळट, एक पांढरी; एकीला एक भिडवून उभ्या केलेल्या. पहिल्या नजरेला जुन्या बाजारात आल्यासारखे वाटते. मग हळूहळू डोळा सरावतो. चौकटींतून पलीकडच्याचे टेबल, त्याच्याही पलीकडे आणखी कुणाचा चहाचा कप दिसतो.

भाचीने यातली मेख सांगितली. नेहमीचा वास्तुकार आधी नकाशा काढतो, मग सामान मागवतो. हे लोक आधी सामान शोधतात. कुठल्या कारखान्यात, कुठल्या पाडकामात काय शिल्लक आहे, याचा त्यांनी एक 'सुगीचा नकाशा' केला होता. हाती काय लागले ते पाहून मग खोलीचे माप ठरवायचे. फडताळ उघडून पाहिल्यावर स्वयंपाक ठरवणाऱ्या माझ्या आईची हीच रीत. शिवाय असले छोटे उद्योग आज तिघांचे, उद्या दहांचे आणि परवा बंद. तेव्हा भिंत अशी हवी, की उकलून दुसरीकडे उभी करता यावी.

हे सगळे स्वस्तात होते असे मात्र कुणी समजू नये. तिकडे सुताराची मजुरी अशी, की जुन्या चौकटीचे खिळे उपटण्यापेक्षा पुष्कळदा नवी चौकट आणणे परवडावे. आपल्याकडे हे कसब पुण्याच्या जुन्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. त्याला कुणी वास्तुकला म्हटले नाही, इतकेच.

मी एका चौकटीवर हात ठेवून उभी होते. भाचीने विचारले, "आत्या, वाड्याच्या चौकटींचं काय करणार?"

मला उत्तर सुचले नाही. रात्री दादाला फोन केला.

"लाकडाचे पैसे सौद्यात धरलेत," तो म्हणाला. "ते आता आपलं राहिलं नाही."

वाडा २०२१मध्ये उतरवला. खांब, तुळया, दिंडी दरवाजा सगळे ट्रकमध्ये गेले. माजघराच्या दाराची चौकट आणि चार खिडक्या तेवढ्या आम्ही बिल्डरकडून विकत घेतल्या. स्वतःच्याच घराचे दार पैसे मोजून घेताना दादा एक अक्षर बोलला नाही. वर्षभर ते सामान त्याच्या गॅलरीत पडून होते, आणि वहिनीची त्यावरची बोलणी मला फोनवर ऐकू येत.

भाची २०२२मध्ये परत आली. पुण्यात एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर तिने दोन मैत्रिणींबरोबर स्वतःचा उद्योग थाटला. सुताराने चार खिडक्या एका ओळीत बसवून आडभिंत केली आणि माजघराचे दार तिच्या मध्यावर उभे केले. त्याला लाकूड तासून चकचकीत करायचे होते. कंदिलाच्या काजळीचा डाग काही भाचीने पुसू दिला नाही.

चौकट बुटकी आहे. मान वाकवल्याशिवाय आत जाता येत नाही. पहिल्याच दिवशी मी कपाळ आपटून घेतले.

"आत्या, लागलं का गं?" आतून आवाज आला.

"लागलं," मी म्हणाले. "नेहमीच्याच जागी."