सिंबलची कड

इलेक्ट्रॉनिक सिंबलमधून आवाज निघत नाही. आवाज मॉड्यूल नावाच्या वेगळ्या पेटीत साठवलेला असतो. सिंबलने फक्त खबर द्यायची. फटका किती जोराचा होता, कुठे पडला, आणि नंतर वाजवणाऱ्याने कड बोटांत पकडून आवाज तोडला का, एवढीच ही खबर. या पकडण्याला ड्रमवादक चोक म्हणतात. जोराची खबर पिझो ही थाळीला चिकटवलेली चकती देते. जागेची आणि पकडीची खबर सहसा स्विच देतो, आणि घरी केलेला सिंबल जमला की फसला हे या स्विचवर ठरते. नवखा माणूस सगळी अक्कल पिझोवर खर्च करतो आणि कड शेवटी उरकतो. क्रम उलटा हवा.

पिझोची मर्यादा आधी समजून घेतलेली बरी. काही स्फटिक दाबले की त्यांच्यावर विद्युतभार तयार होतो, हे जाक आणि पिएर क्यूरी या भावांनी 1880 मध्ये दाखवून दिले. आज दुकानात मिळणारी चकती म्हणजे पितळेच्या पातळ तबकडीवर बसवलेला सिरॅमिकचा थर. 27 आणि 35 मिलिमीटर हे तिचे नेहमीचे व्यास. धक्का बसला की ती व्होल्टेज देते, पण दाब तसाच टिकला तर व्होल्टेज लगेच ओसरते. कड धरून ठेवली आहे हे तिला कळण्याचा मार्गच नाही. दोन-तीन पिझो लावून विभाग वेगळे करता येतात, चोक मात्र येत नाही.

पुण्याजवळच्या चाकणच्या पट्ट्यात पिझो आणि स्विच या दोन्ही कल्पना वाहन उद्योगाच्या ओळखीच्या आहेत. इंजिनाच्या ब्लॉकवर बसणारा नॉक सेन्सर हा पिझोच असतो. इंधन अवेळी पेटल्याचा ठोका तो टिपतो आणि कंट्रोल युनिट ठिणगीची वेळ मागे घेते. स्वयंचलित सरकत्या दाराच्या कडेला बसणाऱ्या एका प्रकारच्या सुरक्षा पट्टीत पोकळ रबराच्या आत दोन वाहक पट्ट्या असतात. बोट अडकले की त्या एकमेकींना टेकतात आणि दार थांबते. सिंबलच्या कडेत नेमके हेच करायचे असते. बजाज, महिंद्र, फोक्सवॅगन यांच्या कारखान्यांभोवती रबर, प्लास्टिक आणि पत्र्याचे सुटे भाग करणारे लहान उद्योग वाढले, त्यामुळे दाराचे रबरी बीडिंग, ईव्हीए फोम, पॉलिकार्बोनेटच्या कापाकापीत उरलेले तुकडे या भागात शोधणे अवघड नाही. चिखली-कुदळवाडीचा भंगार बाजार पूर्वी यासाठी हुकमी होता. फेब्रुवारी 2025 मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने तिथल्या अनधिकृत बांधकामांवर मोठी कारवाई केली, तेव्हापासून शोधाशोध वाढली आहे. पिझो, जॅक आणि तांब्याची चिकटपट्टी पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीच्या आसपास मिळते.

गरजही इथलीच आहे. सोसायटीच्या फ्लॅटमध्ये खरा सिंबल वाजवणे म्हणजे शेजाऱ्यांशी वैर; 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे. महाराष्ट्रातल्या ऑर्केस्ट्रा आणि बँजो पार्ट्यांनी सिंबलचे काम ऑक्टापॅड या काठीने वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर सोपवले. रोलँडचा पहिला ऑक्टापॅड 1985 चा. त्याच्या रबरी चौकोनाला बोटांत धरायला कड नसते, म्हणून अशा वादनात क्रॅश, म्हणजे ठासून मारायचा सिंबल, वाजतो आणि आपला आपण विरतो, कुणी तो तोडत नाही. बाहेरचे ट्रिगर घेणारा ऑक्टापॅड असेल तर घरचा सिंबल त्यालाही जोडता येतो.

थाळीसाठी 3 मिलिमीटर पॉलिकार्बोनेट उत्तम. ॲक्रिलिक दिसायला देखणे, पण कडेवर फटके खाऊन तडकते. पॉलिकार्बोनेट तापवून घुमट द्यायचा तर शीट आधी मंद आचेवर बराच वेळ सुकवावे लागते, नाहीतर आतल्या ओलाव्याचे बुडबुडे उठतात. सपाट थाळीही चालते. दिसायला ती गरीब, एवढेच. 14 इंची क्रॅश म्हणजे सुमारे 356 मिलिमीटर, 18 इंची राइड, म्हणजे लय धरायचा सिंबल, 457. जुना तडकलेला पितळी सिंबल वापरण्याचा मोह अनेकांना होतो. तो फटक्यानंतर बराच वेळ थरथरत राहतो आणि मॉड्यूल एका फटक्याचे दोन-तीन मोजते. त्याला खालून गाडीच्या दारात लावतात तसले ब्यूटाइलचे डॅम्पिंग शीट चिकटवावे लागते. मग वजन वाढते आणि झोका मरतो.

पिझो थाळीच्या खालच्या बाजूला, घुमट आणि कड यांच्या मध्ये, वाजवणाऱ्याच्या अंगाला बसवावा. इपॉक्सीने घट्ट चिकटवला तर त्याच्या नेमक्या वर पडलेला फटका अवास्तव मोठा येतो. दोन्ही बाजूंनी चिकटणारी फोम टेप हा टोकदारपणा बोथट करते. सिरॅमिकवर कावीया फार वेळ टेकवू नये, उष्णतेने थर बिघडतो. वायर आधीच जोडलेली चकती घ्यावी आणि सांध्यावर हॉट ग्लूचा थेंब सोडावा, कारण पिझोपेक्षा त्याची केसाएवढी वायर आधी तुटते.

आता कड. थाळीच्या काठालगत, खालच्या अंगाला, 6 ते 8 मिलिमीटर रुंदीची तांब्याची पट्टी लावायची. दुसरी पट्टी लवचीक प्लास्टिकच्या फितीवर लावून पहिलीच्या समोर आणायची. मध्ये दर तीन-चार सेंटिमीटरवर पातळ फोमचे तुकडे, म्हणजे एरवी दोन्ही पट्ट्या सुट्या राहतात. या सगळ्यावरून रबरी बीडिंग चढवले की स्विच तयार. ऐकायला सोपे आहे. प्रत्यक्षात वळणावर पट्टीला सुरकुती पडते आणि तिथेच कायमचा शॉर्ट होतो. चिकटपट्टीचा गोंद बहुधा वीज वाहून नेत नाही, म्हणून दोन तुकडे एकमेकांवर चढवून भागत नाही. जोडावर सोल्डर लागतेच. सगळ्या वर्तुळाला पट्टी लावण्याचा हट्टही नको. कंपन्यांच्या अनेक सिंबलमध्ये कड फक्त वाजवणाऱ्याच्या बाजूलाच जिवंत असते. तसे करायचे तर सिंबल स्टँडवर फिरू नये म्हणून मध्यभागी अडसर हवा.

फटीचे माप हा या कामाचा गाभा आहे. काठी कडेवर पडली की पिझो ताबडतोब बोलतो. त्यानंतरच्या काही मिलिसेकंदांत स्विच मिटला तर मॉड्यूल कडेचा आवाज काढते, नाहीतर पाठीचा, म्हणजे कडेच्या आतल्या थाळीचा. फट मोठी असेल तर हलक्या फटक्यात पट्ट्या भेटत नाहीत आणि क्रॅशऐवजी टिंग ऐकू येते. फट फारच कमी असेल तर पट्ट्या भेटून चिकटून राहतात, मॉड्यूलला वाटते की कड धरली आहे, आणि आवाज उमटताक्षणी तुटतो. चोकसाठी वेगळे काही बांधावे लागत नाही. पिझोसोबत क्षणभर मिटलेला स्विच म्हणजे कडेचा फटका, फटक्याविना मिटून राहिलेला स्विच म्हणजे चोक. चाकणशेजारच्या आळंदीत टाळकरी टाळ उघडा वाजवतो आणि मिटूनही. कानाला तो फरक जन्मापासून माहीत असतो, म्हणून चोक नसलेला सिंबल अपुरा वाटतो.

राइडला तिसरा विभाग लागतो, घुमटाचा. तिथे कडेसारखाच छोटा गोल स्विच बसवतात. तो मिटायला जोर लागतो, म्हणून काठीच्या टोकाने घुमट नीट वाजत नाही, तिच्या खांद्याने मारावे लागते. विकतच्या कित्येक राइडमध्येही हीच तक्रार असते. दुसरा मार्ग म्हणजे घुमट वेगळा करून फोमवर बसवायचा आणि त्याला स्वतंत्र पिझो द्यायचा. हा हलक्या हातालाही बोलतो, पण पाठीवरचा जोराचा फटका त्यालाही ऐकू जातो आणि सेटिंग करता करता संध्याकाळ जाते.

जोडणीत 6.35 मिलिमीटरचा स्टिरिओ जॅक वापरतात: टोकाला पिझो, मधल्या कड्याला कडेचा स्विच, मागच्या भागाला दोघांची सामाईक वायर. तीन विभागांसाठी कंपन्यांच्या रीती वेगळ्या. रोलँडच्या सीवाय-15आर या राइडला दोन जॅक आहेत. यामाहाच्या पद्धतीत एकाच जॅकवर दोन्ही स्विच येतात आणि त्यांपैकी एकाच्या वाटेत सुमारे 10 किलोओहमचा रोधक असतो. त्यावरून मॉड्यूल कोणता मिटला ते ओळखते. मॉड्यूल कोणते हे ठरल्याशिवाय म्हणूनच सोल्डरला हात लावू नये. चुकून मोनो केबल लावली तर तिचा प्लग मधले कडे आणि मागचा भाग जोडून टाकतो, म्हणजे चोक कायमचा चालू. बिघडलेला समजून खोललेल्या सिंबलमध्ये दोष पुष्कळदा केबलचाच निघतो.

मॉड्यूल विकत न घेता आर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डवर भागवायचे असेल तर पिझोला समांतर 1 मेगाओहमचा रोधक आणि 5.1 व्होल्टचा झेनर डायोड द्यावा, कारण जोराच्या फटक्याला चकती दहा-वीस व्होल्ट सहज फेकते. आर्डुइनो उनो हे व्होल्टेज 0 ते 1023 मध्ये मोजतो आणि मिडी या वाद्यांच्या संदेशपद्धतीला 127 पर्यंतच आकडे लागतात, तेव्हा अचूकतेची ओढाताण नको. वेळ मात्र महत्त्वाची. शिखर सापडेपर्यंत सुमारे 2 मिलिसेकंद पाहायचे, मग थरथर ओसरेपर्यंत नवा फटका मोजायचा नाही. नेहमीच्या मिडी केबलवर एका नोटेचा संदेश जायला जवळजवळ 1 मिलिसेकंद लागतो. क्रॅशची नोट 49, राइडची 51, घुमटाची 53. चोकसाठी रोलँडच्या रीतीने त्याच नोटेवर पॉलिफोनिक आफ्टरटच 127 पाठवायचा, सोडल्यावर 0.

बीडिंग कायमचे चिकटवण्याआधी मल्टिमीटर बीपवर ठेवून कड बोटाने दाबत पूर्ण फिरावे. जिथे बीप येत नाही तिथे फोमचा तुकडा जाड आहे, जिथे न दाबता येते तिथे सुरकुती आहे. पावसाळ्यानंतर हीच तपासणी पुन्हा करावी, कारण दमट हवेत तांबे काळवंडते आणि हलका चोक आधी जातो. पहिलाच सिंबल असेल तर पाठ आणि कड एवढ्या दोन विभागांचा 14 इंची क्रॅश करावा. राइडच्या घुमटाला हात घालण्याइतका सराव त्यातूनच होतो.