सिंहगडावरील पंद

पुण्याच्या नैर्ऋत्येस सिंहगड आहे. भाद्रपदांत आतकरवाडीच्या पायवाटेनें चढूं लागलें म्हणजे खालची झाडी हळूहळू विरळ होते, गवताळ उतार सुरू होतात, आणि त्या हिरवळींतून डोकें वर काढून पांढऱ्या फुलांचीं ताटें मांडल्यासारखीं दिसूं लागतात. या वनस्पतीस पंद म्हणतात.

तिची ओळख पटण्यास मोठी विद्वत्ता नको. ज्या गृहिणीनें परसांत कोथिंबीर फुलूं दिली आहे, तिला अर्धी ओळख आधींच झालेली असते. एकाच बिंदूपासून छत्रीच्या काड्यांप्रमाणें देठ फुटतात. प्रत्येक देठाच्या टोकाशीं पुन्हा तशीच चिमुकली छत्री असते. आणि कडेच्या फुलांच्या बाहेरील पाकळ्या आंतल्यांपेक्षां मोठ्या असतात. धने, जिरें, ओंवा, बडीशेप, हिंग आणि गाजर या सर्वांचें घराणें हेंच. शास्त्रीय मराठींत त्यास चामर कुल असें नांव आहे.

परंतु घराणें ओळखलें म्हणजे व्यक्ति ओळखली असें नव्हे. ख्रिस्तपूर्व 399 मध्यें जें विष पाजून सॉक्रेटिसास देहदंड देण्यांत आला, तें हेमलॉकहि याच कुलांतील, आणि त्याचाहि फुलोरा असाच शुभ्र! म्हणून केवळ साम्यावर विसंबून रानांतील पान किंवा कंद मुलांनीं तोंडांत घालूं नये.

निर्णयाची खरी खूण फळांत असते. धन्याचें फळ वाटोळें, जिऱ्याचें लांबट. पंदेचें मात्र चपटें असून त्याच्या कडेस पातळ पंख असतो. या कुलांतील भेद ठरवितांना शास्त्रज्ञहि फळाचाच आधार घेतात. 1850 सालीं डाल्झेल यांनीं ही वनस्पति हेरॅक्लियम या वंशांत घातली आणि जातिनामांत कोंकणाचा उल्लेख केला. पुढें 1986 मध्यें मुखर्जी व कॉन्स्टन्स यांनीं तिच्यासाठीं ‘पिंडा’ हा स्वतंत्र वंश स्थापिला. हा वंश आपल्या सह्याद्रीचाच आहे.

यावरून एक गोष्ट सहज ध्यानांत येईल. जो फुललेला तुरा खुडून घरीं आणतो, त्याला तिची पुरती ओळख होत नाहीं, आणि गडालाहि तिचें बीं मिळत नाहीं. म्हणून गणपतीच्या दिवसांत फूल पाहावें, तें देठावरच राहूं द्यावें. आणि दसऱ्याच्या सुमारास मुलांना घेऊन त्याच वाटेनें फळ पाहावयास पुन्हा जावें.