फुप्फुसांपलीकडची टेकडी

सत्तरच्या दशकात आम्ही मुलं वेताळ टेकडीवर जायचो, तेव्हा तिला पुण्याचं फुप्फुस म्हणताना कुणाला ऐकल्याचं आठवत नाही. श्रावणात ती हिरवीगार असायची, दिवाळीनंतर सोनेरी. मेंढरं चरायची, पायमोज्यांत कुसळं रुतायची, गवतातून तितर भर्रकन उडायचे, वर चंडोल गात असायचे. झाडं विरळ, आभाळ मोकळं. आम्हाला ते उघडेपण फार आवडायचं. सरकारी नोंदींत मात्र अशा गवताळ जमिनींना ‘पडीक’ म्हणायची रीत होती.

पडीक म्हटलं की ती ‘हिरवी करणं’ ओघानंच आलं. पुण्याच्या टेकड्यांवर मध्य अमेरिकेकडून आलेलं, भराभर वाढणारं गिरीपुष्प लावलं गेलं. त्याच्या दाट सावलीत ऊन मागणारं गवत हटलं, आणि गवतात घरटी करणारी पाखरंही.

मग शहर टेकड्यांना भिडलं, उतार खोदले जाऊ लागले आणि ‘टेकड्या म्हणजे पुण्याची फुप्फुसं’ हे घरोघरी म्हटलं जाऊ लागलं. त्या प्रतिमेचे उपकार मोठे आहेत. 1997 साली पालिकेत आलेल्या 23 गावांच्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण आलं. 2023 मध्ये वेताळ टेकडीवरच्या नियोजित रस्त्याविरुद्ध पुणेकर मोर्चा काढून चालले. शहराचा श्वास कोंडेल, ही भीती पटवायला अहवाल लागत नाही.

पण फुप्फुस म्हटलं की डोळ्यांपुढे झाडंच येतात. 2019 मध्ये अॅमेझॉनचं जंगल पेटलं, तेव्हा ‘पृथ्वीची फुप्फुसं जळताहेत’ अशी हाक जगभर उठली. ते जंगल जेवढा प्राणवायू बनवतं, जवळजवळ तेवढाच वापरतं, हे शास्त्रज्ञांना तेव्हा समजावून सांगावं लागलं. त्याचं खरं मोल पाऊस, साठलेला कार्बन आणि तिथली जीवसृष्टी यांत आहे. आपल्या टेकड्याही नुसती हवा देत नाहीत. त्यांच्या बेसॉल्टच्या भेगांतून पावसाचं पाणी मुरतं, भूजलाला मिळतं. गवताची मुळं माती धरून ठेवतात आणि कार्बन जमिनीत साठवतात.

फुप्फुसांच्या प्रतिमेनं टेकड्या बिल्डरांपासून राखायला बळ दिलं. गवत राखायला ती अपुरी आहे. म्हणून टेकडीसाठी झटणाऱ्यांच्या बोलण्यात ‘पाणी मुरवणारं माळरान’ ही तिची जुनी ओळखही रुळायला हवी. पावसाळ्यात रोपं घेऊन वर जाणाऱ्या प्रत्येक मंडळानं आधी एवढं पाहावं, की त्या उतारावर कोण राहतं. उघडा माळ रिकामा नसतो.